कौतिकाची दाढ

मूल, १० नोव्हेंबर १९५६

चि. मनकर्णा,

तुझे पत्र पोचले. म्हणजे जहीर मास्तरांचे पत्र पोचले. त्यात 'परंतु' चार ठिकाणी आहे आणि 'सबब' एका ठिकाणी. तू जन्मात कधी सबब म्हटल्याचे मला आठवत नाही. मास्तर, तुमचे अक्षर मोत्यासारखे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझी बहीण जे बोलते ते बोलते तसेच लिहीत जा. ती 'काऊन' म्हणाली तर त्याचे 'का बरे' करू नका. तिची वहिनी गेल्यापासून या घरात घरच्या माणसाचा आवाज नाही. निदान कागदावर तरी यावा.

भाऊबीजेला तू यंदाही आली नाहीस. येणार नाहीस हे ठाऊक होते. तरी मी पाट मांडला नव्हता असे म्हणणार नाही. शेजारची कलाबाई, गिरणीत तांदूळ पाखडते ती, दारातून म्हणाली, "भाऊ, असा रिकामा पाट बरा नाई दिसत. मीच ओवाळून देतो." ओवाळले. मी तिला माझ्या दंतमंजनाची डबी घातली. तिला बहुधा लुगडे अपेक्षित होते.

आता पुन्हा एकदा सगळे लिहितो, म्हणजे मास्तरांनाही कळेल की मी कशाशी भांडतो आहे. कौतिकाला पहिला दात वर आला. खाली यायला हवा होता. वरचा दात आधी आला तर मामाला भारी, मामाने त्या लेकराचे तोंड पाहू नये, असे तुझ्या सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या आणि साऱ्या गावाने मान डोलावली. उतारा काय, तर काशाच्या वाटीत तेल घ्यावे आणि मामाने आधी तेलात तोंड पाहावे. मी तेव्हा नागपुरास दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होतो. मी कळवले की असली थोतांडे मी करत नाही. आजही करणार नाही. कौतिकाचा दुसरा मामा, आपला नथ्थू, याने काहीच विचारले नाही. तो हसत आला, पोरीला उचलून खांद्यावर घेतले, आणि त्याच पावसाळ्यात सूरजागडच्या डोंगरात ठेकेदाराच्या कामावर असताना गेला. हिवतापाने गेला. हिवताप डासाने होतो. दवाखान्याचा कागद मी स्वतः वाचला आहे. पोरीच्या दाताचा त्यात उल्लेख नाही.

तेव्हापासून तुझे एकच. तो दात पडेपर्यंत भाऊ नको. ठीक आहे. माझी भाची सहा वर्षांची झाली आणि मी तिला पाहिलेली नाही. पण दात दुधाचा आहे, दुधाचा दात पडतोच. पुस्तकाप्रमाणे खालचे समोरचे दोन सहाव्या वर्षी पडतात, वरचे दोन सातव्यात किंवा आठव्यात. दातांचे हे इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले आहे. मला कोणी डॉक्टर म्हणत नाही आणि मी म्हणवूनही घेत नाही. पण दाताबद्दल मी बोलतो तेव्हा नागपूरचे डॉक्टरही ऐकून घेत. चुकलो तर दाखवूनही देत, हेही खरे.

आता मुद्द्याचे, आणि हे मास्तरांनी दोनदा वाचावे. कौतिकाला या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, सगळ्यात शेवटी, एकेक नवी दाढ येईल. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. किडली की आई म्हणते, दुधाचीच आहे, पडेल. ती पडत नाही. ती जन्माची असते. बाजारात बसून मी मोठ्या माणसांच्या जेवढ्या दाढा उपटल्या त्यांत हीच सगळ्यांत जास्त. दर वेळी मला त्या माणसाच्या आईचा राग येतो, आणि ती बहुधा मेलेली असते.

दातवण निंबाचे किंवा करंजाचे, करंगळीपेक्षा बारीक. टोक चावून त्याचा कुंचा होऊ द्यावा, मग घासावे. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, आडवे नाही. राख नको, कोळसा नको. गूळ-फुटाणे देऊन निजवू नये. आणि सासूबाईंच्या डबीतला गुडाखू पोरीच्या बोटाला लागता कामा नये. ती तंबाखू आहे. तोंड बधिर होते म्हणून दुखणे गेले असे वाटते.

आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणतात. मूल गावात काही फरक दिसला नाही.

दात हलतो का, कळव.

गुणवंत


मूल, २१ एप्रिल १९५७

चि. मनकर्णा,

खालचे दोन्ही पडले हे वाचून बरे वाटले. पुस्तकाबरहुकूम चालले आहे. वरच्याबद्दल 'अजून नाई भाऊ' असे मास्तरांनी जसेच्या तसे लिहिले आहे. शाबास मास्तर. तेवढी ओळ मी पुन्हा वाचली.

पण मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो आणि सासूबाई म्हणतात दुधाची आहे, पडेल, हे काय? मी मागे काय लिहिले होते? मास्तर, तुम्ही ते दोनदा वाचलेत का एकदा? आता असे करा. कौतिकाला उजेडात बसवा, आणि समोरच्या दातापासून काडीने मोजत मागे जा. सहाव्या जागी जी येते ती जन्माची. काळा ठिपका तिच्यावर आहे की तिच्या पुढचीवर, एवढेच मला हवे आहे.

इथल्या शाळांतून पोरांचे दात तपासायला मला जनपद सभेकडून परवानगी मिळाली आहे. आठवड्यातून एक शाळा. पोरे ओळीत उभी करतो, एकेकाला खिडकीशी घेतो. पोचू नावाचा एक आहे, गोल डोक्याचा. आ कर म्हटले तर म्हणतो, "गुरुजी, माह्या दातात किडा नाई. माह्या भावाच्या दातात हाय. त्याचा काढा अन् माह्या हातात द्या."

"किडा कशाला रे?"

"गळाले लावतो. मासोळी धराले."

सारा वर्ग हसला. मी त्यांना समजावले की किडा असा नसतो, अन्न कुजते आणि दात खातो. पोचूचा विश्वास बसला नाही. मासोळ्यांचे त्याचे म्हणणे जास्त पटण्यासारखे होते.

तिथल्या हेडमास्तरांनी चहा दिला. विचारले, "तुम्हाले पोरंबाळं किती?" मी म्हटले, एक भाची आहे. "दिसाले कशी आहे?" मी म्हटले, दात चांगले आहेत. ते हसले, त्यांना वाटले मी विनोद केला.

मोहफुलांचे दिवस आहेत. उकडलेली फुले दातात गुळापेक्षा घट्ट बसतात. खाऊ नको असे मी म्हणणार नाही. मी आणि नथ्थूने ओंजळी भरभरून खाल्ली आहेत, आणि तू आमच्या ओंजळीतून चोरून खाल्ली आहेस. फक्त खाल्ल्यावर चूळ भरावी. खळखळून, पाणी गालात फिरवून.

मास्तरांच्या काडीची वाट पाहतो.

गुणवंत


मूल, १५ सप्टेंबर १९५७

चि. मनकर्णा,

काडीचा हिशेब आला तेव्हाच मी लिहिले होते की ठिपका जन्माच्या दाढेवर आहे, खाली, डाव्या अंगाला. त्यावर तुम्ही लोकांनी काय केलेत? रिंगणीच्या बियांची धुरी दिलीत!

काय होते ते मी सांगतो. निखाऱ्यावर तूप आणि रिंगणीच्या बिया टाकतात, नळीने धूर तोंडात घेतात, खाली पाण्याची परात. परातीत पांढरे बारीक किडे पडतात आणि सगळ्या बाया हात जोडतात. मनू, ते किडे नव्हेत. ते बियांच्या पोटातले कोंब. तापून फुटतात आणि उडतात. पोरीला बाजूला बसवून नुसत्या निखाऱ्यावर बिया टाका, परात ठेवा, तितकेच किडे पडतील. मी हे करून पाहिले आहे. सासूबाईंना करून दाखव. किंवा नको दाखवू. तुलाच तिथे राहायचे आहे.

गोड खाल्ले की कळ येते आणि एरवी शांत, असे तू लिहितेस. म्हणजे कीड अजून आत मगजापर्यंत पोचलेली नाही. वेळ आहे. हाताच्या हत्याराने किडलेले कोरून काढायचे, जस्ताची भुकटी आणि लवंगेचे तेल यांचा लगदा आत भरायचा. दाढ वाचते. हे काम मी करतो. चांगले करतो. माझ्या हाताखाली पोर रडत नाही असे नाही, पण पळून जात नाही.

वरचा दात अजून हलत नाही म्हणतेस. माझ्या हिशेबाने आता हलायला हवा होता. पण पुस्तक विलायतेतल्या पोरांचे आहे, आपली पोरे थोडी मागेपुढे होत असतील. तू पाहतेस, मी पाहत नाही. तू नाही म्हणतेस तर नसेल हलत.

मागच्या महिन्यात मी वडशापर्यंत आलो होतो. तिथे काम होते. तुझ्या गावच्या वाटेवरच्या नाल्याला पाणी होते म्हणून पुढे आलो नाही. बैलगाड्या जात होत्या हे तू कोणाकडून तरी ऐकशीलच, म्हणून मीच लिहितो. एका गाडीवाल्याने हटकलेही, "भाऊ, बसता का? तिकडंच चाललो." मी म्हटले, पाणी उतरू दे. तो पाण्याकडे पाहतच राहिला. त्याच्या बैलाच्या गुडघ्यालाही लागत नव्हते.

उत्तर लवकर दे.

गुणवंत


मूल, १२ डिसेंबर १९५७

चि. मनकर्णा,

आपले जावई लटारूजी धान घेऊन इथल्या गिरणीवर आले होते हे तुला ठाऊकच आहे. माझ्याकडे आले, पाणी घेतले, जेवायला थांबले नाहीत. ते ओसरीवर माझ्या हत्यारांसमोर बसले. मग म्हणाले, "पोट्टी एकाच अंगानं खाऊन राह्यली, भाऊ. आरमोरीच्या बाजारात एक वैदू येते. तो म्हणते, चिमट्यानं काढून फेकतो, झगडा मिटला."

मी उठून उभा राहिलो. म्हटले, त्या दाढेला चिमटा लागला तर पोरीचा जबडा जन्मभर त्या बाजूला लंगडा राहील. मागची दाढ पुढे कलंडेल, वरची खाली उतरेल. बराच वेळ बोललो. लटारूजी ऐकत होते. तुझा नवरा भला माणूस आहे, माझ्या बोलण्याच्या मध्ये कधी बोलत नाही, आणि शेवटी स्वतःचेच सांगतो.

"मंग तुमीच करा," म्हणाले.

"मला तर तिचे तोंड पाहायची बंदी आहे ना?"

"आईनं त्याचा विचार केला हाय. आई म्हणते, मामानं तेलात तोंड पाह्यलेलं चालते. मंग आरशात पाह्यलं तं काऊन नाई चालणार? तुमी दात आरशातच पाह्यते ना? डोक्यावरून कपडा टाकू, तोंडापाशी भोक ठेवू. चेहरा दिसत नाई, दाढ दिसते."

मनू, मला फार राग आला. मी म्हटले, मी काय जत्रेतला जादूगार आहे का? फडक्याला भोक पाडून दात कोरायला? नागपूरला डॉक्टरांच्या कानावर गेले तर काय म्हणतील? लटारूजी धोतर झटकून उठले. म्हणाले, "तुमची मर्जी, भाऊ. वैदू तं दर बाजारी येतेच."

मी त्यांना फाटकाशी गाठले. तेलाच्या वाटीला नाही म्हणालो होतो तो मीच, आणि आरशाला हो म्हणालो तोही मीच. सासूबाईंना सांग, या खेपेला त्या जिंकल्या.

जानेवारीत तुम्ही वडशाला नाटके पाहायला येता तेव्हा हे काम उरकू. कापड धुतलेले असावे. सुती.

गुणवंत


मूल, २८ जानेवारी १९५८

चि. मनकर्णा,

मास्तर, हे पत्र घरात कोणी नसताना वाचा. लटारूजींसमोर नको, सासूबाईंसमोर तर मुळीच नको. लागल्यास शाळेत बोलावून घ्या.

तू तिथेच होतीस, पण कौतिकाच्या पाठीशी बसली होतीस. मी काय केले ते तुला दिसले नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

नाटकाचा मंडप दिवसा रिकामा असतो आणि उजेड चारी बाजूंनी येतो, ही जागा लटारूजींनी चांगली निवडली. मी आलो तेव्हा तुम्ही तिला आधीच तांदळाच्या पोत्यावर बसवले होते, डोक्यावरून पांढरे धोतर, आणि भोक. अर्धा रंग पुसलेला एक नट पडद्यामागून आला, उभा राहिला आणि म्हणाला, "लटारूभाऊ, हे कोणत्या नाटकातलं सोंग?" लटारूजी म्हणाले, "दाढेच्या." तो जाईपर्यंत मी हत्यारे काढली नाहीत.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. भोकातून दोन ओठ दिसत होते, तेही पुरते नाहीत. मी म्हटले, मी तुझा मामा. आ कर.

"मामा, मी तुमाले दिसून राह्यली का?"

"नाही. मला फक्त दात दिसतात."

"मले तं तुमी दिसून राह्यले. कपडा पातळ हाय."

"मग कसा आहे मामा?"

तिने विचार केला. "म्हातारे. अन् नाकात केस हायेत."

तेव्हा तू म्हणालीस, "कौतिके, तोंड बोलाले नाई, उघडाले सांगतलं." गेल्या आठ वर्षांत मी ऐकलेले तुझे पहिले वाक्य ते. तू माझ्याशी बोलली नाहीस. पण ऐकले.

काम नीट झाले. खाली डाव्या अंगाची, सहाव्या जागेची दाढ. कीड वर दिसते त्यापेक्षा आत रुंद होती, नेहमी तशीच असते. सगळे मऊ झालेले कोरून काढले. खाली दाढ टणक लागली, हत्यार करकरले, तेव्हा थांबलो. लगदा भरला. तिने एकदा माझे बोट चावले आणि एकदा माझा अंगठा धरून ठेवला, तो मी सोडवून घेतला नाही, डाव्या हाताने काम केले. दाढ राहील.

मग सवयीने मी आरसा वर फिरवला. एक जागा पाहायची आणि बाकीचे तोंड पाहायचे नाही, हे मला जमत नाही.

वरचे समोरचे दोन दात मी आतून पाहिले. रुंद आहेत. पुरते खाली उतरायचे आहेत. त्यांच्या कडेला करवतीसारखे तीन-तीन बारीक कंगोरे आहेत. मनू, असे कंगोरे फक्त नव्या दाताला असतात, चावून चावून पुढे झिजतात. दुधाचा दात असा नसतो. दिसायला लागल्यापासून मी तोंडेच पाहत आलो आहे, यात माझी चूक होत नाही.

माझा हात थांबला. लटारूजी म्हणाले, "काऊन, भाऊ? वरचे बी खराब हायेत का?" मी म्हटले, "नाही. चांगले आहेत."

त्यांना ठाऊक नसावे. गडी माणूस पोरीच्या तोंडात कशाला पाहील? सासूबाईंची नजरही आता पोचत नसावी. तुला ठाऊक होते. मास्तरांनाही ठाऊक होते. समोर बसलेल्या पोरीचे समोरचे दात गेलेले शिक्षकाला दिसत नाहीत असे मी मानत नाही. मास्तर, तुमच्यावर रागावलो नाही. तुम्ही ती सांगते ते लिहिता, आणि तसेच लिहा असे मीच सांगितले होते.

कापडाची कड माझ्या दोन बोटांत होती. उचलली असती तर तुझ्या शास्त्राप्रमाणे दोष नव्हता आणि माझ्या शास्त्रात तर तो कधीच नव्हता. पण तुझा हात वरून आला होता. तिच्या कपाळावर तू ते कापड दाबून धरले होतेस, इतके की तुझी नखे पांढरी पडली होती. मी कड सोडली. हत्यारे पुसली आणि पिशवीत ठेवली.

परतीच्या गाडीत मी कारण शोधत बसलो. एक कारण सापडले. मी नकोसा आहे. मी पत्रातून ओरडतो, तुझ्या घरच्यांच्या चुका काढतो, तुझ्या गावाला मूर्ख म्हणतो, आणि दाताची सबब तुला बरी पडली. मूल स्टेशन येईपर्यंत दुसरे कारण शोधत होतो. सापडले नाही.

दात केव्हा पडला? आणि 'अजून नाई' काऊन लिहिलेस?

गुणवंत


मूल, २ मार्च १९५८

चि. मनकर्णा,

तुझे पत्र आले. मास्तरांनी एक अक्षर बदललेले नाही हे दिसते. शाईचा डाग पडला आहे तिथेही त्यांनी पुसून सारखे केलेले नाही.

तू सांगितलेले मी इथे पुन्हा उतरवतो. माझी ही सवय आहे, महत्त्वाचे असते ते मी हाताने लिहून काढतो.

"भाऊ, दात आखाडीच्या सणाले पडला. मीच कौतिकाच्या हातानं उंदराच्या बिळात टाकवला. त्याच दिवशी मास्तरले बलावलं, म्हटलं लिवा, भाऊले या म्हना. मास्तर दौत घेऊन बसले अन् माह्या तोंडातून निंघालं, अजून नाई. मले नथ्थू दिसला. असाच हासत आला होता. पोट्टीले खांद्यावर घेतलं, तिनं त्याचे केस धरले, अन् तो दोन मह्यन्यात गेला. तू म्हनतो डासानं गेला. असंन. पन मी त्याले हासताना पाह्यलं ना. तू बी हासत येशीन. लोक म्हनते दात पडला का दोष उतरला, पन लोकायचं काय जाते? माहा एकच भाऊ राह्यला. तू नाई आला तं तिकडं मूलले हायेस. पत्र येते, त्यात रागावतो, मास्तर वाचते अन् हासते, मी म्हनतो जिता हाय माहा भाऊ. तू नकोसा नाई रे. तुले पाहाचं नाई, पन तू असला पाह्यजे."

मी उत्तराला बसलो. डास, हिवताप, दवाखान्याचा कागद, सगळे मुद्दे क्रमाने घातले. दोन पाने झाली. चांगली झाली होती. फाडली.

पुरावा देऊन मिटणारी ही गोष्ट नाही, एवढे मला कळते. मी आलो, पोरीला पाहिले आणि जगलो, तरी तू पावसाळ्याची वाट पाहशील. पावसाळा गेला की पुढच्या पावसाळ्याची. दर ढगाला तू माझी आठवण काढशील, आणि मी इथे दाढ कोरत बसलेला असेन, मला पत्ताही नसेल. अशी भीती तुझ्या उशाशी ठेवून मला भाचीचे तोंड पाहायचे नाही. तू ये म्हणशील तेव्हा मी येईन. नाही म्हणालीस तर नाही. हे मी माझे मत बदलले म्हणून लिहीत नाही. मत तेच आहे. लटारूजींना आणि सासूबाईंना दाताचे कळवू नकोस. माझ्याकडून कोणाला कळणार नाही.

कलाबाई काल विचारत होती, भाचीची दाढ बरी झाली का. मी म्हटले, झाली. "मंग दिसाले कशी आहे पोरगी, पाह्यली का आता?" मी म्हटले, तिने मला पाहिले. कलाबाईला ते कळले नाही. ती तांदूळ पाखडत राहिली.

आता रागावतो, नीट ऐक.

लगदा भरलेल्या दाढेने सुपारी फोडायची नाही, चिंचोके फोडायचे नाहीत. कौतिकाने चिंचोका फोडलाच असेल, मला वाटतेच. मास्तरांनी शाळेत रोज चूळ भरायला लावावी असे मी लिहिले होते, त्याचे काय झाले? 'पोट्टे पानी एकमेकाच्या आंगावर टाकते' हे उत्तर नव्हे. पोरे पाणी अंगावर टाकणारच. निम्मे तरी तोंडात जाते ना? तेवढे पुरते. दातवण आडवे घासते असे दिसले, हिरडीजवळ दोन ठिकाणी खरचटलेले होते. मी तिथे बोललो नाही, इथे बोलतो. आणि गुडाखू! पोरीच्या तोंडाला वास येत होता, मनकर्णा. थोडा, पण येत होता. मला काय समजतेस? या गोष्टीवर मी तुला दर महिन्याला लिहीन, आणि प्रत्येक पत्रात आधीच्यापेक्षा जास्त रागावेन. मास्तरांना सांग, घसा साफ ठेवा.

दाढेतला लगदा कायमचा नाही. वर्षभराने तो काढून नवा भरावा लागेल. म्हणजे पुढच्या जानेवारीत पुन्हा वडसा, पुन्हा तो मंडप. त्यापुढच्या वर्षीही दाखवावीच लागेल, कारण तोवर दुधाच्या दाढा पडू लागतील आणि तेव्हा लक्ष ठेवावे लागते. कापड तेच आणले तरी चालेल. तू कपाळावर हात ठेवून बस, मला अडचण होत नाही.

फक्त ते भोक. तू फार लहान कापले होतेस. वरच्या मागच्या दाढा पाहताना आरसा कापडाला अडकत होता आणि उजेड आत पोचत नव्हता. या खेपेला वरच्या बाजूने दोन बोटे जास्त काप. नाकाच्या शेंड्यापर्यंत आले तरी हरकत नाही. दाढांसाठी म्हणतो आहे.

गुणवंत